सतरा पूर्णांक एक सप्तमांश

सरांनी मनगटावरचं घड्याळ सोडून तळहातावर धरलं आणि म्हणाले, “दहा मिनिटं. चल, उचल.”

मी सहावीत होते. शाळेच्या मागच्या अंगणात नव्या मुतारीसाठी आणलेल्या विटांचा ढीग पडला होता. ढिगापासून पंचवीस पावलांवर सरांनी खडूने रेघ मारली होती. विटा तिथवर न्यायच्या. ढिगाच्या एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला माझ्याच वर्गातला एक मुलगा, संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. बाकीचा वर्ग पायऱ्यांवर बसलेला. गणिताचा तास होता आणि सर गणित करून दाखवत होते.

तो दोन हातांत दोन विटा धरून पळाला. मी खिशातून रुमाल काढला, पिळला, गोल चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. पायऱ्यांवर हशा उठला. “चुंबळ! ए, चुंबळ केली बघ हिने!” माझे कान तापले. पण चुंबळ बसली होती डोक्यावर. काढली असती तर आणखी हसले असते. मी तीन विटा ठेवल्या आणि निघाले.

अकरा खेपा. तेहतीस विटा. त्याच्या एकोणीस झाल्या, एक वाटेत पडून फुटली.

मला वाटलं, सुटले. जिंकले असं मनातसुद्धा आलं नाही. फक्त सुटले. सरांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, “बघा रे. डोक्यात काही नसलं की डोक्यावर जास्त मावतं.”

सगळे हसले. तो नातूही हसला, धापा टाकत. मी डोक्यावर चुंबळ घेऊन तशीच उभी राहिले. काढू का नको, कळेना. सरांनी काढ म्हटलं नव्हतं.

हे कशावरून झालं ते सांगते.

सर सरकारी पुस्तक शिकवत नसत. “ह्यात चित्रं फार आणि गणित कमी,” म्हणायचे. त्यांच्याकडे एक जुनं अंकगणित होतं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं. तपकिरी पुठ्ठा, शिवण उसवलेली, पानं पिवळी. ते त्यातून गणितं सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. त्यात मण होते, शेर होते, छटाक होते. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी बाजारातून उठून गेलेली मापं. आम्ही शेराचे छटाक करत बसायचो.

मला मणा-शेरांची भीती नव्हती. त्या पुस्तकातल्या माणसांची होती.

त्यात एक गृहस्थ होता. ‘एका गृहस्थाने’ असं गणित सुरू झालं की तो काहीतरी विकत घेणार. शेत, गाय, कापडाचा ताका. गृहस्थाच्या हातून कधी काही फुटायचं नाही. एक गवळी होता, तो दुधात पाणी घालायचा. एक मोलकरीण होती, तिच्या हातून कपबश्या पडायच्या आणि किती उरल्या ते आम्ही काढायचं. आणि मजूर होते. ते खड्डे खणायचे, भिंती बांधायचे, आणि त्यातले काही जण हमखास काम अर्धवट टाकून निघून जायचे.

सर नुसतं वाचत नसत. मोलकरीण आली की त्यांची नजर चष्म्यावरून वर्गात फिरायची आणि एखादीवर थांबायची. ती मुलगी मान खाली घालायची. मजूर आले की नजर माझ्याकडे यायची. माझे आईवडील एकलहऱ्याच्या बाजूला वीटभट्टीवर होते हे शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं होतं. मजुराचं गणित कधी येईल ते कळायचं नाही. ‘एका’ म्हणून सर थांबले की मी श्वास धरून ठेवायचे. एका गृहस्थाने म्हणाले की सोडायचे.

त्या दिवशी आलं ते हे. मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

‘तीन पुरुष किंवा सहा स्त्रिया किंवा बारा मुले एक भिंत दहा दिवसांत बांधतात. तर एक पुरुष, एक स्त्री व एक मूल मिळून तीच भिंत किती दिवसांत बांधतील?’

मी ते वहीत उतरवलं आणि मला चक्क बरं वाटलं. त्या पुस्तकात पहिल्यांदाच कुणी ओळखीचं भेटलं होतं. एक पुरुष, एक स्त्री, एक मूल. हे तर आम्हीच. अण्णा, आई आणि मी. रविवारी मीसुद्धा भट्टीवर जायचे. अण्णा एका खेपेला दहा विटा न्यायचे. आईपण दहाच न्यायची. माझं कमी पडायचं. माझं जे कमी पडायचं ते आई भरून काढायची, एखादी खेप जास्त करून. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे आम्ही तिघं मिळून तीन पुरुषांचं काम. मी उत्तर लिहिलं, दहा दिवस.

सरांनी माझी वही उचलली.

“दहा? कुठून आले दहा?”

“सर, आमची आई अण्णांएवढ्याच विटा नेते.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

“उत्तर आहे सतरा पूर्णांक एक सप्तमांश. आईचं गणित घरी. इथे पुस्तकात दिलंय तेच धरायचं. स्त्री म्हणजे अर्धा पुरुष. मूल म्हणजे पाव. आता सांग, तू कोण?”

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

“तू कोण?”

“पाव, सर.”

“मोठ्याने.”

“पाव.”

“पटत नाही वाटतं. चल, प्रयोग करू.” आणि वर्गाला म्हणाले, “मागच्या अंगणात चला रे सगळे.”

बाकीचं सांगितलंच. शंभर वेळा ‘सतरा पूर्णांक एक सप्तमांश दिवस’ लिहून आणायला लावलं, तेही सांगून टाकते.

त्या दिवसापासून वर्गात मला ‘पाव’ म्हणायला लागले. “ए पाव, मस्का लावू का?” मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळावर, शाळा सुटल्यावर नाशिकरोडच्या रस्त्याने घरी जाताना सायकलवरून. मी मागे वळून बघायचं सोडून दिलं.

घरी गेले तेव्हा गणवेशाच्या खांद्यांवर विटांची लाल भुकटी होती. आईने झटकली. भट्टीवरची बाई ती, तिला भुकटी ओळखू येणार नाही?

“शाळंत कुठं आली ही इटांची माती?”

“खेळताना.”

“इटांवर खेळत्या व्हय पोरी?”

“हो.”

तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि चुलीकडे गेली. मी खोटं बोलले, कारण मला चित्र दिसत होतं. आई शाळेत येणार, नऊवारीचा पदर खोचून, सरांसमोर उभी राहणार. आणि सर चष्म्यावरून बघून तिला विचारणार, तू कोण? आईच्या तोंडून ‘अर्धी’ हा शब्द मला ऐकायचा नव्हता. त्यापेक्षा मी पाव बरी.

पुढे दोन वर्षं गणिताच्या तासाआधी मी तीन-तीनदा मुतारीत जाऊन यायचे. त्याच विटांच्या मुतारीत. सरांच्या कातडी चपलांचा करकर आवाज व्हरांड्यातून यायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणाच्या चपला करकरल्या की हात गार पडायचे. मार त्यांनी मला कधीच दिला नाही. एक चापटसुद्धा नाही. म्हणून कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं.

सरांना गणित येत नव्हतं असं मात्र नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पावाचे, अर्ध्याचे, पाऊणचे पाढे ते सुरात म्हणायचे आणि सगळा वर्ग डोलायचा. मीपण डोलायचे. कागद न घेता तोंडी गुणाकार करायची त्यांची रीत मला आजही उपयोगी पडते. हेही खरं आहे. म्हणूनच मला इतकी वर्षं वाटत राहिलं की चूक त्यांची कशी असेल. माणूस हुशार आहे. पुस्तक जुनं आहे. चूक माझीच.

मी एक युक्ती शोधली. सर जे उत्तर सांगतील ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचं आणि पाठ करायचं. गणित काय म्हणतंय ते बघायचं नाही. माणसं कोण आहेत ते बघायचं नाही. रीत लावायची आणि पुस्तकाच्या उत्तराला जाऊन मिळायचं. मला मार्क पडायला लागले. दहावीला गणितात वर्गात दुसरी आले. लोकांना वाटलं, पोरगी गणितात हुशार. मला गणित येत नव्हतं. मला उत्तरं येत होती.

त्याच जोरावर बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, शिक्षक झाले. अण्णा तोवर गेले होते. चार शाळा बदलल्या. मग दोन वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावर जागा निघाली ती माझ्याच जुन्या शाळेत. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यापुरतं नातं, पुढच्या वर्षी बोलावलं तर बोलावलं. आईला आनंद मावेना. “त्याच शाळंत मास्तरीन झाली माझी पोर,” गल्लीत सांगत सुटली. मी मुलाखतीला गेले तेव्हा इमारत नवी झाली होती. मागचं अंगण फरशीखाली गेलं होतं.

सर निवृत्त झाले होते, पण गेले नव्हते. शाळा समितीवर होते. केस पांढरेशुभ्र, हातात काठी. मुख्याध्यापिका मॅडमनी ओळख करून दिली. मी चाळिशीला आलेली बाई, आणि माझे हात गार पडले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी आठवण दिली नाही. पाया पडले. हो, पडले. सगळे पडत होते.

यंदा जूनमध्ये पालकांची सभा झाली. सर उभे राहिले आणि म्हणाले, आजच्या पोरांना मोबाईलशिवाय बेरीज येत नाही, आमच्या वेळचं गणित पक्कं होतं, ते परत आणू. पालकांनी टाळ्या वाजवल्या. दर गुरुवारी शेवटचा तास ‘जुन्या गणिताचा’ ठरला. सरांच्या त्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून स्पायरल बांधून मुलांना वाटल्या. सहावीचा तास माझ्याकडे आला.

मी ती प्रत घरी नेली आणि आठवडाभर पिशवीतून काढली नाही.

मग शिकवायला लागले. खोटं कशाला सांगू. पहिले तीन गुरुवार मी पाढे घेतले, तोंडी गुणाकार घेतले, मुलं खूष. चौथ्या गुरुवारी मोलकरणीच्या कपबश्या आल्या. मी ते गणित मोठ्याने वाचलं. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने मान खाली घातली. तिची आई कॉलनीत धुणीभांडी करते, मला माहीत होतं. मी बघितलं. मी पुढचं गणित घेतलं.

हे मी केलं. सरांनी नाही. वर्गात सर नव्हतेच त्या दिवशी.

काळ-काम-वेगाचं प्रकरण मी टाळत होते. कधी उजळणी घेते, कधी चाचणी घेते. तर एका गुरुवारी तास सुरू व्हायच्या आधी काठीचा आवाज आला. सर वर्गात आले, मागच्या भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मांडीवर तेच मूळ पुस्तक, तपकिरी पुठ्ठ्याचं.

“काळ-काम राहिलंय ना मॅडम? घ्या आज. मी बसतो.”

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला, “हो सर.”

मी फळ्याकडे वळले. तीन पुरुष किंवा सहा स्त्रिया. पाठच होतं, पुस्तकात बघावं लागलं नाही. खडू दोनदा मोडला. पाठीला घामाची धार लागली होती आणि मला एवढंच सुचत होतं की कुर्त्यावर ओल उमटली तर मुलांना दिसेल. एक पुरुष बरोबर दोन स्त्रिया. एक स्त्री बरोबर दोन मुले. खाली रेघ मारली.

“मॅडम, हे चुकलंय.”

मुस्कान. खिडकीजवळच्या बाकावरची. चुणचुणीत, प्रश्न विचारणारी, मला आवडणारी मुलगी. तिची अम्मी अंबडला एका कारखान्यात लाइनवर काम करते.

“काय चुकलं?”

“बाई अर्धी कशी? अम्मी लाइनवर जेंट्सएवढेच पीस काढते. कधीकधी जास्त. सुपरवायझर बोर्डवर लिहितो ना, मी बघितलंय. फॅमिली डेला गेलो होतो तेव्हा.”

वर्गात दोघं-तिघं हसले. मी मुस्कानकडे बघितलं नाही. मी मागे बघितलं, सरांकडे. सर चष्म्यावरून तिला बघत होते. ती नजर मला ओळखीची होती. आणि माझ्या तोंडून आलं,

“ते घरचं झालं मुस्कान. पुस्तकात दिलंय तेच धरायचं.”

मी ते ऐकलं. माझाच आवाज, माझेच ओठ. पण वाक्य माझं नव्हतं. मुस्कानने खोडरबर घेतलं आणि वहीत लिहिलेलं काहीतरी खोडायला लागली. खसखस, खसखस. ती काय खोडत होती ते मला कळलं. तिचं स्वतःचं उत्तर.

टेबलाची कड धरली.

मागे काठी आपटली. सर उठले.

“थांबा मॅडम. ह्या मुलीला पटलेलं नाही. काय नाव म्हणालात? मुस्कान. ये पुढे. आणि तू रे, हो तूच, ये. ते कोपऱ्यातले वह्यांचे गठ्ठे आहेत ना, ते ह्या भिंतीपासून त्या भिंतीला न्यायचे. चला, प्रयोग करू.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडायला घेतलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं, ते फक्त माझ्या वाट्याला आलं होतं. मी काहीतरी वेगळं, काहीतरी वाईट बोलले होते म्हणून. घड्याळ सोडताना त्यांच्या बोटांना जी सवय होती ती बघितली आणि कळलं. हे ते दरवर्षी करत होते. दरवर्षी एक मुलगी उभी राहत होती. माझ्या आधी किती, माझ्यानंतर किती, देव जाणे. आणि त्या सगळ्याजणींनी घरी जाऊन सांगितलं असेल, खेळताना.

मुस्कान बाकातून बाहेर आली होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. मी काही बोलेन म्हणून.

मी गठ्ठ्यांच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“सर, ती उचलणार नाही.”

“काय?”

“ती काही उचलणार नाही.”

“मॅडम, बाजूला व्हा. दहा मिनिटांचं काम आहे.”

“मी उचलल्यात सर. विटा. ह्याच शाळेत, मागच्या अंगणात. तेहतीस. तुम्हीच मोजल्या होत्या.”

सरांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मी वाट बघत होते. काय अपेक्षा होती मला, सांगता येत नाही. लाज वाटेल, निदान आठवेल.

“असेल,” ते म्हणाले. “हजारो मुलं गेली हाताखालून.”

आठवलं नव्हतं. माझं अख्खं आयुष्य ज्या दहा मिनिटांभोवती फिरत राहिलं, ती त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हती.

त्याने मला बळ आलं असं मी म्हणणार नाही. रडायला आलं. पण मी वळले आणि मुस्कानशी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मुस्कान, मघाशी मी चुकीचं बोलले. पुस्तकात चूक आहे. तू बरोबर आहेस. जागेवर बस.” मग दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, “ते कपबश्यांचं गणितही मी शिकवायला नको होतं.”

तिने मान वर केली नाही.

मी डस्टर घेऊन फळा पुसला. सर काठी टेकत बाहेर गेले. व्हरांड्यातून मुख्याध्यापिकांच्या खोलीपर्यंत काठीचा आवाज मला ऐकू येत राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मी गेले तेव्हा बोलणं थांबलं. एका बाईंनी नुसतं विचारलं, “कशाला गं?” आणि माझ्याशेजारची पर्स उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्कानची अम्मी गेटजवळ भेटली. कंपनीची बस सोडून आली होती. मला वाटलं, बरं वाटलं असेल तिला.

“मॅडम, आपने अच्छा सोचके किया होगा,” ती म्हणाली. मग मराठीत, हळू आवाजात, “पण कालपासून सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. आम्हाला आधीच कमी लोक बघतात का? तिला शिकू द्या फक्त. तिचं नाव घेऊ नका कुठं.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचं भ्यायला कारण होतं, आणि ते कारण मीच वाढवलं होतं.

दुपारी मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावून पत्र हातात दिलं. ज्येष्ठ सदस्यांचा वर्गात अवमान केल्याबद्दल लेखी माफी द्यावी. शनिवारी शाळा समितीसमोर हजर राहावं. मॅडम वाईट नाहीत. म्हणाल्या, “दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर पुढच्या तासिका मला देता येणार नाहीत. माझ्या हातात नाही हो.” घरी नवराही तेच म्हणाला. “दोन ओळींनी तुझं काय जाणार आहे?”

मी दोन ओळी लिहून बघितल्या. खरंच. ‘माझ्या वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे.’ अक्षर सुंदर आलं होतं. मग तो कागद पिशवीत टाकून आईकडे गेले.

आई आता थकली आहे. मान दुखते सारखी, डॉक्टर म्हणतात मणके झिजलेत. दारात बसून मेथी निवडत होती. मी शेजारी बसले आणि तिला त्या दिवसाचं सांगितलं. विटांचं. पहिल्यांदाच. बोलताना मी सहावीतलीच झाले होते, आवाज तसाच बारीक.

आईचे हात थांबले.

“किती नेल्या?”

“तेहतीस.”

“अन् त्या पोरानं?”

“एकोणीस.”

ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल.

“तवा का नाय सांगितलं मला?”

“तू शाळेत आली असतीस.”

“आलीच असती.”

“म्हणूनच. तुला काहीबाही बोलले असते.”

आईने काडी मोडून टाकली.

“बोलले असते. मला काय, मुकादम रोज बोलायचा. पन तू एकटी नसती ना उभी राह्यली तिथं.” तिने मेथीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, “मला वाटायचं, पोर खेळती शाळंत. बरं वाटायचं मला. भट्टीवर उनात इटा नेताना तेच डोळ्यापुढं आनायची मी.”

मी तिला वाचवलं नव्हतं. मी तिच्यापासून तिची बाजू घ्यायची संधी काढून घेतली होती. गप्प राहून मी त्या माणसाला आणखी एक वर्ष दिलं, त्यानंतर आणखी एक, आणि मग खडू हातात घेऊन त्याच्या जागी उभी राहिले.

तिथेच, मेथीच्या काड्यांशेजारी बसून मी दुसरा कागद लिहिला. आज शनिवार. तो समितीसमोर वाचणार आहे. त्यात माफी नाही. मी कुठल्या साली ह्या शाळेत होते ते आहे, अंगणात काय झालं ते आहे. मी स्वतः मुलांना काय शिकवलं तेही आहे. मुस्कानचं नाव नाही, शब्द दिलाय. खाली माझं पूर्ण नाव आहे, आणि मधलं नाव आईचं लिहिलंय.

समितीच्या खोलीत सात खुर्च्या असतात, सातही पुरुषांच्या. मधल्या खुर्चीवर सर असतील. ते चष्म्यावरून बघतील, मला माहीत आहे. आवाज फाटेल कदाचित. फाटला तर फाटेल. वाचायचं थांबणार नाही.

काढून टाकतील. टाकू देत. मग गुरुवारी शेवटचा तास सुटायच्या वेळी मी शाळेच्या गेटबाहेर उभी राहणार. भट्टीवरून, कॉलनीतून, अंबडच्या बसमधून ज्या आया आपली पोरं न्यायला येतात, त्यांना एकेकीला थांबवून त्यांच्या पोरीच्या दप्तरातलं भिंतीच्या गणिताचं ते पान वाचून दाखवणार. ज्यांना वाचता येतं त्यांनाही, येत नाही त्यांनाही. ज्या घाबरून निघून जातील त्यांना जाऊ देईन. आणि पुढच्या गुरुवारी परत उभी राहीन.